जुन्या बाजारातली कुऱ्हाड आणि कोयता: एका हंगामाची नोंद

दापोली तालुक्यात आमच्या सासरची दोन एकर बाग आहे, बरीचशी काजूची, थोडी आंब्याची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत तिच्यातली अकरा झाडं आडवी झाली. कटरवाल्यांनी मोठे ओंडके नेले. बुंधे, वाकडी खोडं, फांद्या तशाच राहिल्या, त्यांच्यावर रानमोडी आणि घाणेरी चढली, बांधाची वाट करवंदीच्या जाळ्यांनी बुजवली. २०२३ च्या पावसाळ्याअखेर मी ठरवलं, यंदाची बेणणी, म्हणजे बागेत माजलेलं रान साफ करणं, जमेल तेवढी आपल्या हातांनी करायची. घरातल्या कोयतीचं पातं झिजून चार बोटं उरलं होतं. कुऱ्हाड तर नव्हतीच.

नवी हत्यारं दापोलीत सहज मिळतात. तरी जुनी शोधायची असं मनात होतं, आणि त्याला हौसेपलीकडचं कारण आहे. दुकानातल्या नव्या कुऱ्हाडीवर रंगाचा जाड थर असतो. आतलं पोलाद कसं आहे, त्याला पाणी, म्हणजे तापवून बुडवल्याने येणारा कडकपणा, नीट बसलंय का, हे पहिला बुंधा फोडेपर्यंत कळत नाही. जुन्या पात्याची परीक्षा आधीच झालेली असते. ज्या पात्याने वीस वर्षं लाकूड तोडलं आणि ते तडकलं नाही, त्याच्याबद्दल निम्मी माहिती ते स्वतःच देतं. उरलेली निम्मी आपण काढायची असते.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी आठलाच गेले. नळाच्या तोट्या, सायकलचे हँडल, पितळी कुलपं यांच्या मधोमध पोत्यावर पात्यांचा ढीग होता. त्यात बहुतेक ऊसतोडीचे कोयते. हा फरक कोकणात काम करायचं असेल तर आधी समजून घ्यायला हवा. ऊसतोडीचा कोयता पातळ आणि हलका असतो, कारण दिवसभरात हजारो वेळा तो रसरशीत, ओल्या उसावर पडायचा असतो. ज्या हत्यारावरून नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’, ते हत्यार त्याच्या जागी उत्तमच. पण तोच करवंदीच्या वाळक्या बुडख्यावर मारला तर धारेचा तुकडा उडतो. मला हवा होता जाड पाठीचा, पुढे चोच वळलेला, फांदी ओढून घेऊन तोडता येईल असा.

ढिगाच्या तळाशी तो मिळाला. मूठ नव्हती. चोच एका बाजूला मुरगळलेली, धारेला तीन खाचे, सगळ्या अंगावर तांबूस गंज. पाठीकडे मात्र पातं भरघोस जाड होतं. शेजारी एक कुऱ्हाडीचं पातं होतं, काळ्या रंगाने रंगवलेलं, धार लखलखीत. विकणाऱ्या भाऊंनी कुऱ्हाडीकडेच बोट केलं. “ताई, ही न्या. आजच मशिनवर लावलीय, लगेच कामाला घ्या.” ते त्यांच्या परीने खरंच सांगत होते, आणि मला नेमकी त्या मशिनचीच भीती होती. तरी दोन्ही घेतली, कोयता १५० ला, कुऱ्हाड ३०० ला.

कोयता पोत्यात घट्ट गुंडाळून, दोरीने बांधून गाडीच्या डिकीत ठेवला. शेती, घरकाम किंवा उद्योगासाठी घडवलेल्या धारदार हत्यारांना शस्त्रास्त्र नियमांत सूट आहे, पण नागवं पातं हातात घेऊन शहरातून फिरायचं नसतं. एस.टी.नेसुद्धा न्यायचं झालं तर असंच बांधून न्यावं.

घरी आल्यावर पहिलं काम कुऱ्हाडीचं. नेढ्यातून, म्हणजे दांडा बसतो त्या भोकातून, दोरी ओवून पातं टांगलं आणि छोट्या हातोडीने टिचकी मारली. स्वच्छ, लांबत जाणारा आवाज आला. तडकलेलं लोखंड फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. कानावर मी पूर्ण विसंबत नाही, म्हणून नेढ्याच्या चारही कोपऱ्यांना रॉकेल चोपडलं, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. कुठे चीर असती तर आत मुरलेलं रॉकेल पुन्हा वर येऊन खडूवर ओली रेघ उमटली असती. पूड पांढरीच राहिली. नेढं शाबूत होतं. कुऱ्हाड फुटते ती बहुधा इथेच, आणि नेढं फुटलेलं पातं कितीही देखणं असलं तरी ते भंगार. वितळजोड (वेल्डिंग) देऊन वापरू नये, डोक्यावरून उचलायचं हत्यार आहे ते.

मग काळा रंग खरवडला. रंगाखाली, धारेच्या मधल्या तीन बोटांत, पोलादावर निळा पट्टा होता आणि अगदी कडेला निळ्याचाही करडा झालेला. हेच मला बघायचं होतं आणि हेच दिसू नये असं वाटत होतं.

या रंगांचा अर्थ असा. घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवत गेलं की पृष्ठभागावर रंग चढतात. सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या जवळ निळा, त्याहून पुढे करडा. लोहार पाणी दिलेल्या पात्याचा ठिसूळपणा कमी करायला याच रंगांचा आधार घेतो आणि हवा तिथे थांबतो. ग्राइंडर थांबत नाही. धारेची कड कागदासारखी पातळ असते, तिथली उष्णता जायला जागा नसते, आणि चाक टेकताच दोन-तीन सेकंदांत ती ३०० च्या पुढे जाते. तेवढ्या भागाचा कडकपणा गेला तो गेलाच, नंतर पाण्यात बुडवून परत येत नाही. धार मात्र लखलखते. म्हणून जुन्या बाजारात लखलखती धार मला गंजलेल्या धारेपेक्षा जास्त घाबरवते.

किती नुकसान झालंय ते रंगावरून नुसतं ओळखायचं नाही, कानशीने विचारायचं. दहा इंची चपटी कानस घेतली आणि धारेच्या वरच्या कोपऱ्यापासून बोटाबोटावर एकेक हलका हात मारत खाली आले. कोपऱ्याला कानस कुरकुरली, हाताला विरोध लागला, बारीक करडी भुकटी पडली. चांगल्या कुऱ्हाडीचं पोलाद असंच असतं, कानशीला लागतं पण सहज लागत नाही. पट्ट्यावर आल्यावर आवाजच बदलला. कानस गप्प झाली, दातांत मऊ, लांबट कीस अडकला. खालच्या कोपऱ्याशी पुन्हा कुरकुर. डोळे मिटून केलं तरी पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते हाताला कळत होतं.

आता प्रश्न होता मागे चांगलं पोलाद शिल्लक किती. कित्येक जुन्या कुऱ्हाडींचं अंग मऊ लोखंडाचं असतं आणि धारेपुरतं पोलाद भट्टीत जोडलेलं असतं. ते संपलं की कुऱ्हाड संपली. त्यासाठी पातं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. एका रात्रीत गंज मऊ झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी तारेच्या ब्रशने घासला तेव्हा तो काळ्या चिखलासारखा निघून आला, आणि खाली दोन गोष्टी दिसल्या. एक, पात्याच्या गालावर धारेला समांतर एक नागमोडी सीमारेषा. धारेकडे गडद, नेढ्याकडे फिकट. पोलादात कार्बन जास्त म्हणून आम्लात ते काळवंडतं, लोखंड उजळ राहतं. मधोमध मोजलं, गडद पट्टी २६ मिलिमीटर होती. आणि दुसरी, नेढ्याजवळ ठोकलेला बाणाचा छाप, खाली रोमन लिपीतला ‘आय’. ब्रिटिश आमदानीत हिंदुस्थान सरकारच्या लष्करी मालावर मारायचा हा शिक्का. पुणं लष्कराचं गाव असल्याने इथल्या बाजारात तो अधूनमधून भेटतो. त्या छापावरून मी ब्रश फिरवला नाही.

व्हिनेगरबद्दल एक सांगून ठेवते. गावी एका वहिनींनी त्याऐवजी कोकमाचं आगळ सुचवलं होतं. आंबट आहे, गंज सोडवेलही. पण आगळात मीठ असतं, आणि मीठ लोखंडाच्या खड्ड्यांत शिरलं की कितीही धुतलं तरी आठवड्याने तिथूनच गंज फुटतो. बिनमिठाचं आंबटच वापरावं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावं, चुलीच्या धगीवर कोरडं करावं आणि लगेच तेलाचा हात द्यावा. ओलं पातं अर्ध्या तासात पुन्हा पिवळं पडतं.

२६ मिलिमीटर पोलादात मऊ भाग कडेचा तीन मिलिमीटर. म्हणजे हिशेब जमत होता. तीन मिलिमीटर सोडून द्यायचे आणि मागच्या शाबूत पोलादात नवी धार काढायची. काम सगळं कानशीने. पातं शिकंज्यात धरून, कानस धारेकडून अंगाकडे ढकलत, परतताना उचलून. सलग दोन संध्याकाळी लागल्या. निळा पट्टा बारीक होत होत दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या सुमारास पुसला गेला आणि त्याच जागी कानस कुरकुरली. त्या कुरकुरीचा आनंद अजून आठवतो.

नंतर गालांना हलकी गोलाई ठेवत दोन्ही बाजू मिळून तीसेक अंशांची धार काढली आणि दुहेरी दगडावर आधी खरखरीत, मग बारीक बाजूने पाणी लावून घासली. गाल सपाट केले असते तर कुऱ्हाड लाकडात रुतून बसली असती. थोडी पोटदार असली की ढलपी बाजूला फेकते आणि सुटून येते.

कोयत्याचं दुखणं वेगळं होतं. मुरगळलेली चोच कानशीने सरळ होत नाही आणि खाचे इतके खोल होते की घासून काढले तर निम्मं पातं जाईल. हे लोहाराचं काम. गावापासून सहा किलोमीटरवर एका लोहारदादांची भट्टी आहे, तिथे नेला. त्यांनी पातं चाकावर क्षणभर टेकवून ठिणग्या पाहिल्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. पोलादाच्या टोकाला फुटून फुलबाजी होते. इथे फुलबाजी झाली. “कमानपाट्याचा हाय,” ते म्हणाले. ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेला. “ह्याला पान्यात टाकला तर तडकंल. तेल द्यायला लागंल.”

भट्टी छपराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात होती. आधी मला वाटलं जागेची अडचण असेल. पण उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवतो, म्हणून भट्टी अंधारातच हवी. कोयता डाळिंबी लाल झाला की ऐरणीवर घेऊन ते धार ठोकून पातळ करत गेले. खाचे हातोड्याखाली हळूहळू मिटले, चोच तीन घावांत सरळ झाली. मग पुन्हा तापवला. मी खिशात चुंबक नेलं होतं. पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला धरेनासं होतं आणि पाणी देण्याची वेळ त्याच्या थोडी पुढे असते. दादांना त्याची गरज नव्हती, पण त्यांनी मला लावू दिलं. चुंबक पात्यावरून घसरून पडलं आणि त्याच वेळी त्यांनी भाता थांबवला. पातं नुसत्या धारेच्या बाजूने जळक्या तेलात उभं धरलं. धुराचा लोट उठला, पातं चुरचुरलं. तेलात बुडवलं तरी त्याला ‘पाणी देणं’च म्हणतात.

त्या क्षणी धार काचेसारखी ठिसूळ असते. दादांनी विटेच्या तुकड्याने एक बाजू घासून उजळ केली आणि पाठ निखाऱ्यांकडे करून धरली. रंग पाठीकडून धारेकडे सरकू लागले. पिवळा, मग तपकिरी. धारेवर जांभळा पोचला तेव्हा कोयता परत तेलात गेला. कोयता दणके खातो, कधी दगडाला लागतो, म्हणून चाकूपेक्षा थोडं मऊ. ग्राइंडरवर अपघाताने जे घडतं तेच इथे एक माणूस डोळ्यांत तेल घालून हवं तिथे थांबवत होता. मजुरी २०० रुपये घेतली. त्यांची दोन्ही मुलं शहरात नोकरीला आहेत. आसपासच्या वाड्यांत दुसरी भट्टी नाही, आणि ही थंड झाली तर असे कोयते भंगारातच जातील, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुठीला शिवणीच्या वाळक्या लाकडाचा तुकडा लावला, तोंडाशी लोखंडी कडी बसवली, पात्याचं शेपूट तापवून आत जाळत घातलं. त्यात अडचण आली नाही.

चुकले ते कुऱ्हाडीच्या दांड्यात. वखारीतून १२० रुपयांना तयार दांडा आणला होता. दिसायला सरळ, गुळगुळीत. तो अजून ओला होता हे मी तपासलं नाही. घाई होती. पहिल्या दिवशी पडलेल्या फणसाच्या फांद्या तोडल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी पातं हलायला लागलं. तेव्हा मी सगळे करतात तेच केलं, रात्रभर कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवली. सकाळी घट्ट. दोन दिवसांत आधीपेक्षा सैल. लाकूड फुगतं तेव्हा नेढ्याच्या लोखंडाला ढकलू शकत नाही, त्याचे स्वतःचेच तंतू चिरडतात. वाळलं की ते पूर्वीपेक्षा बारीक होतं. पाण्याने दुरुस्ती होत नाही, दांडा आतून कुजायला मात्र लागतो. त्या सैल पात्याने मी अर्धा दिवस काम केलं होतं, जवळ पुतण्या उभा होता, आणि ही माझी चूक फार महागात पडू शकली असती.

वाडीतले एक आजोबा बांधावरून हे बघत होते. त्यांनी पातं हलवून पाहिलं, दांडा नखाने दाबला. “बाय, ह्यो दांडा न्हाय, भाजी हाय.” मग घरी नेलं आणि माळ्यावरून एक काठी खाली काढली. वादळात पडलेल्या तिवसाची फांदी, तीन वर्षं चुलीच्या धुरात वाळलेली. तिवस चिवट. पूर्वी गाड्यांच्या चाकांना आणि औतांना तो वापरत. झाड तोडून मात्र आणू नये. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत तिवस आहे, परवानगीवाचून तोडता येत नाही. पडलेली, वाळलेली फांदी मिळाली तर ती जपून ठेवावी.

आजोबांनी काठीचं टोक माझ्यासमोर धरलं आणि वाढीच्या रेघा दाखवल्या. या रेघा कुऱ्हाडीच्या पात्याच्या दिशेने, धारेकडून मागे जाणाऱ्या आल्या पाहिजेत. आडव्या आल्या तर दांडा घावाच्या धक्क्याने रेघेवरच उकलतो. ७५ सेंटिमीटर लांबी ठेवली. डोक्याकडचं टोक रंध्याने थोडं थोडं घेत, नेढ्यात घालून पाहत, जिथे घासल्याची काळी खूण उमटेल तेवढंच पुन्हा तासत गेलो. चौदा वेळा घातलं, काढलं. मग टोकाला नेढ्याच्या खोलीच्या दोनतृतीयांश चीर पाडली, पातं अडकवलं आणि कुऱ्हाड उलटी टांगती धरून दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडा मारला. जमिनीवर आपटायची गरज नाही. हवेत लोंबतं जड पातं जागच्या जागी राहू पाहतं आणि दांडा ठोक्यागणिक त्याच्यात वर चढत जातो. शेवटी ऐनाच्या वाळक्या लाकडाची पाचर ठोकली आणि वर आलेलं टोक अर्धा बोट राखून कापलं.

दांड्याला जवसाचं तेल दिलं, तीन दिवस रोज एक हात. आमच्याकडे हाताशी खोबरेल असतं, पण ते लाकडात वाळून घट्ट होत नाही, चिकट राहतं. जवसाचं हवेत घट्ट होतं. ते घट्ट होताना उष्णता सुटते, म्हणून तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप पेटू शकतं. माझी फडकी मी बाहेर तारेवर पसरून वाळवली. हे कृपया कुणी विसरू नये.

दिवाळीनंतर नऊ दिवस बेणणी चालली. कोयत्याने रानमोडी आणि घाणेरी काढली, चोचीने करवंदीची फांदी ओढून बुंध्यात तोडली. चौथ्या दिवशी तो दगडावर लागला. धार वाकली, तुकडा उडाला नाही, दगडावर पाच मिनिटांत पूर्ववत झाली. दादांनी जांभळ्यावर का थांबवलं ते त्या दिवशी हाताला कळलं. कुऱ्हाडीने दोन वाळके बुंधे आणि फणसाचं सगळं वाकडं लाकूड फोडलं. रोज संध्याकाळी बारीक दगडाचे वीस-पंचवीस हात पुरले, कानस एकदाही लागली नाही. पातं जागचं हललं नाही.

खर्च असा झाला: दोन पाती ४५०, लोहार २००, व्हिनेगर १२०, कानस आणि दगड मिळून २८०, वाया गेलेला दांडा १२०. एकूण १,१७० रुपये. वेळ मात्र पाच संध्याकाळी आणि दोन पूर्ण दिवस गेला, तो धरायलाच हवा. नेहमीच्या बेणणीच्या मजुराला हे परवडणार नाही. त्याने सरळ लोहाराकडून नवा कोयता घडवून घ्यावा.

कोयता आता कमरेमागे, आकडीला अडकवलेला असतो. कुऱ्हाडीची पोलादी पट्टी आज २२ मिलिमीटर आहे, गेल्या आठवड्यात पुन्हा मोजली. आजोबांच्या घरची कुऱ्हाड सध्या माझ्याकडे व्हिनेगरात आहे. तिचा दांडाही सैल झालाय, आणि माळ्यावर तिवसाची अजून एक काठी उरली आहे.